वखर कोण धरेल?

प्रिय बाळा,


मागच्या फोनवर तू म्हणालास, "दादाने जरा कष्ट घेतले असते तर तोही वावरातून बाहेर पडला असता." तेव्हा मी गप्प बसले, कारण दादा शेजारीच चहा पीत होता. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्याच शहराचं सांगते. राज चेट्टी या अर्थतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या चार कोटींवर मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या करनोंदी तपासल्या. उत्पन्नाच्या तळातल्या पाचव्या हिश्श्यात जन्मलेली किती मुलं मोठेपणी वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचली, हे त्यांना पाहायचं होतं. सॅन होझेत शंभरातली जवळपास तेरा. तुझ्या शार्लटमध्ये चार-साडेचार. पन्नास मोठ्या शहरांत शार्लट शेवटचं! बँकांचं भरभराटीचं शहर, बाहेरून गेलेल्या तुझ्यासारख्यांचं भलं झालं, पण तिथंच गरिबाघरी जन्मलेलं पोर बहुतेक वेळा मागेच राहिलं. ती मुलं आळशी होती, असं तूही म्हणणार नाहीस.

त्या आकड्यांपेक्षा मला चेट्टींच्या घरची गोष्ट जास्त जवळची वाटते. त्यांच्या आईवडिलांच्या काळी घरातल्या एकालाच पुढे शिकवायची पद्धत होती आणि दोन्ही घरांत निवड झाली ती नेमकी त्यांच्या आईची आणि वडिलांची, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. त्या निवडीचा परिणाम त्यांना आपल्या चुलत-मामे भावंडांत आजही दिसतो.

निवड आपल्याही घरात झाली. माझा मोठा भाऊ, म्हणजे तुझा काका आणि दादाचा बाप, सातवीपर्यंत वर्गात पहिला. तुझा बाप त्याच्याहून लहान, हिवाळ्यात दम्याने बसून रात्र काढायचा. आमच्या बाबांपुढे प्रश्न एकच होता, वखर कोण धरेल? ज्याला धरणं जमणार नव्हतं तो शाळेत गेला. (माझं नाव त्या हिशेबात नव्हतंच. मी डी.एड. केलं ते लग्नानंतर, सासूच्या जिवावर. ती कथा पुन्हा कधी.)

तुझा बाप दारव्ह्याहून शकुंतला रेल्वेत बसून यवतमाळला डिप्लोमा करायला गेला. खोलीभाडं आणि खाणावळ मोठ्याच्या कापसातून. 1972 पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती. पणन महासंघाच्या केंद्रावर बंड्यांची रांग लागायची, प्रतवारीवरून भांडणं व्हायची, चुकारे रखडायचे, पण निदान भाव आधी ठाऊक असायचा. सावकाराचं दार न ठोठावता महिन्याची मनिऑर्डर निघायची. ती योजना सरकारी तिजोरीला झेपली नाही, तिच्यात भानगडीही होत्या, सगळं मान्य. तुझ्या बापाचा डिप्लोमा मात्र त्याच हमीवर झाला. पुढे वीज मंडळातली नोकरी, नागपूरला बदली, तुझी चांगली शाळा, इंजिनिअरिंग, पुणे, शार्लट. घरात पहिला पगार सुरू झाला की पुढचं एकेक जमत जातं आणि मग ते सगळं आपल्या कष्टाचं वाटू लागतं. कष्ट होतेच रे. मोठ्याचेही होते.

आता दादाचं ऐक. त्याने डी.एड. केलं तेव्हा खासगी डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं होतं. फीसाठी काकाने एक एकर वावर विकलं. 2012 मध्ये राज्याने शिक्षकभरती थांबवली. 2013 पासून टीईटी ही पात्रता परीक्षा आली, ती तो पास झाला, पण भरती पुन्हा मार्गी लागेपर्यंत बापाचं आजारपण आणि पीककर्ज दोन्ही त्याच्या डोक्यावर आली होती. एकाधिकार खरेदी तर केव्हाच मोडलेली. 2002 मध्ये आलेल्या बीटी बियाण्याने सुरुवातीला आशा दाखवली, 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने तीही खाल्ली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यातली वीसएक माणसं गेली. दादा तेव्हा दवाखान्यात होता. तुला सांगू नका म्हणाला, म्हणून सांगितलं नाही.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे दादाने कोणत्या वर्षी काय कमावलं याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. शार्लटसारखा आकडा यवतमाळचा कुठून निघायचा? आपलं घर मात्र माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आणि शाळा. मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा सरपंचाची मुलगी, तलाठ्याचा मुलगा आणि सालदाराची पोरं एकाच सतरंजीवर बसायची. कोणत्या परीक्षेचा अर्ज निघाला, वसतिगृहात जागा आहे का, हे सालदाराच्या पोराला तलाठ्याच्या पोराकडून कळायचं. आता ज्याला झेपतं त्याची पोरं पिवळ्या गाडीने तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. तुझ्याकडेही तेच घडलंय. 1971 मध्ये शार्लटच्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळी-गोरी मुलं एका शाळेत यावीत म्हणून बसगाड्या फिरवायला मान्यता दिली. तीसेक वर्षांनी ती व्यवस्था संपली आणि शाळा पुन्हा वेगळ्या झाल्या. चेट्टींच्या 2022 च्या अभ्यासात तर असं दिसलं की जिथं गरीब आणि सधन घरांतल्यांची मैत्री जास्त, तिथं गरीब घरातली मुलं अधिक वर जातात. मी तो अभ्यास वाचला नसता तरी हे सांगितलं असतं. तूही घर घेताना आधी कोणती शाळा पडते तेच पाहिलंस ना?

दादाची मुलगी आठवीत आहे, गावातल्याच शाळेत. यंदा एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला बसते आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतील. गणितात हुशार, इंग्रजीला बिचकते. पैसे पाठवू नकोस, दादा घेणार नाही. रविवारी सकाळी आठच्या सुमारास तिला फोन कर, तुझ्याकडे शनिवारची रात्र असेल. दहावीनंतर पॉलिटेक्निक बरं की सायन्स, नागपूर की अमरावती, हे विचारायला तिला कोणी नाही. माझ्या वेळचे नियम आता राहिले नाहीत.

फोन दादाचाच आहे, तेव्हा आधी त्याच्याशी बोल. यंदा पऱ्हाटी कशी आहे ते विचार.

तुझी,
आत्या