कथलाचं सोनं

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरवाल्यांना पुन्हा लाकूड आठवलं. मी त्यातलीच. फळ्या कल्याणच्या वखारीतून येतात, रंगकाम डोंबिवलीत घरच्या गॅलरीत.

बाराव्या-तेराव्या शतकात स्पेनमधल्या कॅटलोनियात, पिरेनीजच्या डोंगरातली लहान चर्चं अशाच फळ्या रंगवून घेत. वेदीचा दर्शनी भाग सोन्याचांदीचा असावा ही हौस सगळ्यांनाच. मिलानच्या संत अँब्रोजच्या चर्चमध्ये नवव्या शतकापासून तशी सोन्याची वेदी आहे. डोंगरातल्या गावाला ते कुठून परवडायचं? तिथल्या चिताऱ्यांनी फळीवर लेप दिला, लेपातूनच उठावाची नक्षी काढली, तिच्यावर कथलाचा वर्ख चिकटवला आणि वर पिवळसर वार्निश फिरवलं. एस्किउस आणि आलोस इथल्या अशा फळ्या आता बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहेत, वर्ख बराचसा झडलेला. आपलं बेगड तरी दुसरं काय?

माझीही कसोटी लागते ती लेपाशी. आधी नुसता पातळ सरस, मग सरसात कालवलेली खडूची पूड, हातावर हात. सरस जास्त झाला तर लेप तडकतो. कमी पडला तर बोटाला पांढरं लागतं. त्यात श्रावणातली हवा! एक हात वाळेपर्यंत जीव टांगणीला, आणि गणपती नेमके त्यानंतरच.

त्या डोंगरातल्या चिताऱ्यांचे रंग अंड्याच्या बलकातले. गणपतीच्या मखराला बलक म्हटलं तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल, म्हणून मी डिंकावर भागवते. पिवळ्यासाठी ते हरताळ घेत, आपल्या जुन्या चित्रकारांसारखाच. रंग देखणा, पण त्यात आर्सेनिक; मी पिवळी माती वापरते. पिवळेपणा थोडा मंद पडतो, पडू दे.

कथलाला सोन्याचा रंग देणं ही फसवणूक, असं मला ऐकवलं गेलंय. मला नाही पटत. ज्योत हलली की उठावाच्या कडा पेटतात, खळगे काळे राहतात. नक्षी त्या हिशोबानेच काढायची असते. धातू स्वस्त असेल, हिशोब स्वस्त नाही. समोरून एलईडीची पट्टी लावली की मात्र सगळं सपाट. मखर पोचवताना मी सांगते, दिवा बाजूला ठेवा, जरा खाली. लोक हो म्हणतात आणि पट्टीच लावतात. म्हणून हल्ली मी उठाव थोडा जास्त घेते.