राजुऱ्याची हिंवाळी सकाळ

चंद्रपूरकडचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. तेथील हिंवाळ्याविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत थोरल्या बहिणीकडे राजुऱ्यास आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां त्याचें सुख मीं मनसोक्त अनुभवलें.

बल्लारपूर मागें टाकून वर्धा नदी ओलांडली कीं राजुरा तालुका लागतो. नदीवर धुकें इतकें दाट होतें कीं दिवस उजाडूनहि मोटारीस दिवे लावावे लागले. कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने यांनीं आतां हा मुलूख गजबजला आहे. तरी रस्त्याच्या दोहों बाजूंस कापूस फुटलेला आणि तुरी शेंगांनीं लवलेल्या दिसत होत्या.

बहिणीचा नातू येथील महाविद्यालयांत बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षांत आहे. पहांटे अंगणांत शेकोटी पेटली कीं शाल गुंडाळून तो पुस्तकासह तेथें बसे. पान उलटण्यापूर्वीं आधीं बोटें शेकून घेई. पूर्वीं तो सकाळीं शेतावर वाचीत बसे. परंतु अनेकांचे बळी घेणारा वाघ 2020 च्या ऑक्टोबरांत याच रानांत पकडला गेला, तेव्हांपासून आजीची सक्त मनाई आहे. ऊन चढलें कीं बिऱ्हाड गच्चीवर हाले. सूनबाई मिठाच्या पाण्यांत उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा गंज आणून ठेवीत. नातू रसायनशास्त्र घोकी आणि त्याच्या वांट्याच्या शेंगा धाकटी बहीण फस्त करी!

या गांवच्या विद्यार्थ्याचें विद्यापीठ किती वेळां बदललें! राजुरा पूर्वीं निजामाच्या राज्यांत. माझ्या बहिणीचे सासरे शिकले ते हैदराबादेस, 1918 सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत. आणि तेंहि उर्दूंतून. 1956 सालीं राजुरा मराठी मुलखास जोडला गेला व 1959 सालीं चांदा जिल्ह्यांत आला. मग नागपूरकडे पाहावयाचें. 2011 सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ निघालें आणि या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्यास जोडलीं गेलीं. असें विद्यापीठ पिढीगणिक जवळ येत गेलें.

"आजोबा, तुमचें विद्यापीठ कोणतें?" नातवानें सहज विचारलें.

"मी मॅट्रिकलाच थांबलों. नागपूर दूर, आणि घरीं पाठची भावंडें पांच."

तो क्षणभर गप्प राहिला. मग पुस्तक माझ्या हातीं देत म्हणाला, "मग माझें पाठांतर तुम्हीं घ्या." त्यांतील एकहि सूत्र मला कळेना, परंतु जन्मभर पाठांतर घेतलेला मास्तर मी, चूक मात्र दोनदां धरली. विद्यार्थिदशेंतील हिंवाळ्याची ती उणीव माझ्यापुरती त्या आठ दिवसांत भरून निघाली.

परंतु येत्या उन्हाळ्यानंतर तो पुढील शिक्षणासाठीं पुण्यास जाणार आहे. घरांत हें ठरलेलें आहे आणि त्याविषयीं कोणी बोलत नाहीं. निघण्याच्या आदल्या दिवशीं शेंगा सोलतां सोलतां बहिणीनें विचारलें, "कां रे, पुण्यास तुरीचे सोले मिळतात का?"

"मिळत असतील," मी म्हणालों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी निघालों, तेव्हां गच्चीवर लुगड्याच्या घडीवर हिरवे सोले वाळत घातलेले होते.