आप्पांची गंजी

आमच्या शेतातल्या आखाड्यावर चुलीतली राख काढून उकिरड्यावर टाकायचं काम माझ्याकडं होतं. आईनं रीत घालून दिली होती. राखेवर आधी तांब्याभर पाणी शिंपडायचं, काडीनं ती खालवर करायची, मगच घमेलं उचलायचं. २००६ च्या चैत्रात, अकरा वर्षांचा होतो तेव्हा, एका दुपारी मी पाणी शिंपडलं नाही. राख पांढरीफेक दिसत होती. घमेलं उकिरड्यावर पालथं केलं आणि कैऱ्या पाडायला पळालो.

राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या अंगावर वसलेलं गाव. बाहेरच्या माणसांना ते रेणुकामातेमुळं माहीत. रब्बीची ज्वारी निघाली की आमचा माळ उघडा पडतो, आणि दुपारी सुटणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही उरत नाही. आमच्या आखाड्याच्या धुऱ्याला लागून आप्पांचा आखाडा. आप्पा भावकीतले नव्हते, सोयरेही नव्हते. शेजारधुरा, एवढंच नातं. उकिरड्यापासून पंधरा पावलांवर आमची कडब्याची गंजी, धुऱ्यापलीकडं आप्पांची, आणि तिच्या मागं दोन्ही घरांचे गोठे पाठीला पाठ लावून उभे. त्या दुपारी वारा नेमका उकिरड्याकडून गोठ्याकडं वाहत होता.

झाडावरून धूर दिसला. मी खाली उतरून येईपर्यंत आमची गंजी शेंड्यापर्यंत पेटली होती. कडबा पेटताना आधी तडतड ऐकू येते, मग एकदम घोंगावल्यासारखा आवाज होतो, आणि त्यानंतर जवळ उभं राहवत नाही. शिवारातली माणसं धावली. विहिरीवरून घागरी, बादल्या, तेलाचे डबे हातोहात येऊ लागले. सगळं पाणी पेटत्या गंजीवर पडत होतं आणि पडल्या पडल्या वाफ होऊन जात होतं. बंब बोलवावा असं कोणाच्या मनातही आलं नाही. गंगाखेड तिथून वीस-पंचवीस किलोमीटर, आणि कडब्याला जळायला घटकाभरही लागत नाही.

तेव्हा आप्पा धुऱ्यावर उभे राहून ओरडले, "पेटल्यावर पाणी कशाला घालायलाव? गेलं ते गेलं. माझी गंजी फोडा!"

माणसं क्षणभर थांबली. आप्पांची गंजी साबूत होती, हजार-बाराशे पेंढ्यांची, आठवड्यापूर्वीच नीट रचलेली. आप्पा स्वतः तिच्यावर चढले आणि आमच्या बाजूच्या पेंढ्या उपसून खालच्या नांगरटीत फेकायला लागले. त्यांचं बघून बाकीचेही लागले. कोणी पेंढ्या लांब ओढत होते, कोणी राहिलेल्या अर्ध्या गंजीवर पाणी ओतत होते. आईनं विळ्यानं दावी कापून दोन्ही गोठ्यांतली जनावरं सोडली. दोन गंज्यांमध्ये मोकळी जागा पडली. ठिणग्या त्या जागेत येऊन पडायच्या आणि माणसं त्या चिखलाच्या पायांनी तुडवायची.

गोठे वाचले. आमचा सगळा कडबा गेला. आप्पांचा अर्धा भिजून, तुडवून काळा पडला. पुढं त्याला बुरशी धरली आणि जनावरांनी तोंड लावलं नाही. त्या उन्हाळ्यात वैरण पुरेना म्हणून त्यांनी लालकंधारी जोडीतला एक बैल हाळीच्या बाजारात नेऊन विकला. उरलेला बैल जोडीदारावाचून कित्येक दिवस रात्री हंबरायचा. आमच्या गोठ्यात ते ऐकू यायचं.

गावानं ठरवून टाकलं की कुण्या वाटसरूनं बिडी टाकली असेल. मी काही बोललो नाही.

त्या रात्रीचं मात्र सांगायला हवं. माणसं पांगली, जाळ संपला, काळा ढीग तेवढा उरला. आप्पांनी त्याच्याशेजारी बाज टाकली, पाण्याची टाकी भरून घेतली आणि हातात फावडं घेऊन बसले. मी झोपलो नव्हतो. जवळ जाऊन बसलो. ते मधूनच उठायचे, ढिगात फावडं घालायचे, आतली राख वर काढायचे. वरून अगदी गार झालेल्या जागेतून लाल डोळा उघडल्यासारखा निखारा दिसायचा. त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, पुन्हा उकरायचं. असं उजाडेपर्यंत चाललं. पहाटे मी विचारलं, "आप्पा, विझली की आता. कशाला बसलाव?" ते म्हणाले, "जाळ विझलाय बाबा. आग न्हाई विझली."

बारावीनंतर शाळेतल्या एका सरांनी अग्निशामक अभ्यासक्रमाची जाहिरात दाखवली. मुंबईत कालिन्याला राज्याचं अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं सहा महिन्यांचं शिक्षण. दहावी पास, वय अठरा ते तेवीस, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ८६. गावातल्या शिंप्यानं टेप लावून माझी छाती मोजली, ती ७९ भरली. मग रोज पहाटे बालाघाटाचा चढ पळत चढायचा, आणि पाठीवर अर्धं पोतं सरकी घेऊन उतरायचं. वडिलांचं मन नव्हतं. आगीत जायची नोकरी कशाला, शेतात काय कमी आहे, असं ते म्हणायचे. आप्पा एकदा संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले, तासभर पावसापाण्याचं बोलले, आणि उठताना वडिलांना म्हणाले, "पोराला जाऊ द्या." त्यांनी काही मागावं असा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता. वडिलांना नाही म्हणता आलं नाही.

कालिन्याला पहिल्याच आठवड्यात फळ्यावर आग विझवायच्या रीती लिहिल्या गेल्या. पाण्यानं उष्णता काढून घेणं, फेसानं किंवा वाळूनं हवा तोडणं, आणि तिसरी रीत म्हणजे आगीचं खाणं काढून घेणं, पेटायच्या आधीच पुढची वस्तू बाजूला करणं. वर्गातली मुलं लिहून घेत होती. मी पेन खाली ठेवून बसलो होतो. मला गंजीवर चढलेले आप्पा दिसत होते.

या कामाला धाडस लागतं असं लोक म्हणतात. मला तिथं जे शिकवलं गेलं ते बहुतेक सवयीचं होतं. पंधरा मीटरचा हौज असा गुंडाळायचा की एका झटक्यात उलगडला पाहिजे. कपलिंग अंधारात बोटांनी चाचपून जोडायचं. शिडी चौघांनी एका हुकमावर उचलायची. गाठी मारायच्या, सोडायच्या, डोळे बांधून पुन्हा मारायच्या. माणूस खांद्यावर घेऊन पळायचं आणि मग तोच माणूस आपल्याला खांद्यावर घेऊन पळणार. पाठीवरच्या बीए सेटच्या, म्हणजे श्वसनयंत्राच्या, सिलिंडरमध्ये हवा ३०० बार दाबानं भरलेली असते. कागदावर ती पाऊण तास पुरते, धापा टाकणाऱ्याला अर्धा तासही पुरत नाही. दाब ५०-५५ वर उतरला की शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजली की समोर काहीही असो, फिरायचं. आत दोघं जातात आणि दोघंच बाहेर येतात.

धुराच्या खोलीत मी एकदा घाबरलो. तिथं हाताचं बोट दिसत नाही. गुडघ्यांवर रांगायचं, एक हात भिंतीला, दार लागलं तर आधी हाताची उलटी बाजू लावून बघायची, कारण तळहात भाजला तर पुढं कामच होत नाही. माझा भिंतीवरचा हात सुटला. दोन-तीन दिशांना चाचपलं, काही लागेना. श्वास वाढला, मुखवट्यात माझाच आवाज घुमायला लागला. तेवढ्यात कोणीतरी माझा बूट घट्ट धरला. जोडीदार होता, कोल्हापूरकडचा. त्यानं बूट सोडला नाही, ओढलाही नाही, नुसता धरून ठेवला, माझा श्वास बसेपर्यंत. बाहेर आल्यावर त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. त्याच्या घरी लग्नकार्य असलं की मी दोन दिवस आधी जातो.

आम्ही तिथं असतानाच ९ मे २०१५ ची काळबादेवीची आग झाली. गोकुळ निवास नावाची जुनी इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे मुंबई अग्निशमन दलाचे अधिकारी तिथंच गेले. उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत काही दिवस रुग्णालयात झुंजले आणि तेही गेले. दलाचा सर्वांत वरचा माणूस स्वतः आगीजवळ होता, हे आम्हा विशीतल्या पोरांच्या मनात खोल गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे प्रशिक्षक मैदानावर आले. एक शब्द बोलले नाहीत. हौज ड्रिल घेतली, पुन्हा घेतली, आणि तिसऱ्यांदा घेतली. त्या दिवशी कपलिंग कोणाचंच चुकलं नाही.

पुढं एका महापालिकेच्या दलात लागलो. आमच्या भाषेत आगीच्या बोलावण्याला वर्दी म्हणतात. घंटा झाली की जेवणाचं ताट तसंच राहतं. वर्दी आगीचीच असते असं नाही. विहिरीत पडलेली गाय, पुरात झाडावर अडकलेलं कुटुंब, गॅसची टाकी, लिफ्टमधलं बाळ. कापसाच्या जिनिंगची वर्दी मात्र मला सर्वांत जड जाते. कापसाची गठाण साधारण १७० किलोची, पट्ट्यांनी आवळलेली. वरून टँकर रिकामा केला तरी पाणी अंगावरून ओघळतं आणि आत आग कुजबुजत राहते. पट्ट्या तोडायच्या, आकड्यांनी थर उलगडायचे, एकेक थर भिजवायचा. दोन दिवस, कधी तीन.

अशाच एका कामात दुसऱ्या रात्री सगळं शांत झालं. चांगल्या म्हणून लांब काढून ठेवलेल्या गठाणींकडं कोणी बघत नव्हतं. मी सहज फिरत होतो. एका गठाणीवर हात ठेवला, गार लागली. पट्टी तोडून आत हात घातला आणि झटकन ओढून घेतला. आत वीतभर लाल पोकळी होती. पहाटेपर्यंत अशा आणखी चार निघाल्या. गाडीच्या पायरीवर चहा घेताना मला एकदम रडू आलं. सोबतच्यांना वाटलं, धुरानं डोळे चुरचुरले.

१४ एप्रिलला आमच्या दलात सकाळी मानवंदना असते. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि कराचीत भरलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी. आग कापसात लागली होती. जवान पाणी मारत राहिले, पण आत धुमसणारं मूळ काही हाती लागेना. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आमच्याकडं हा दिवस बाबासाहेबांच्या जयंतीचा. सकाळी त्या ६६ जणांसाठी सलामी द्यायची आणि संध्याकाळी मिरवणुकीच्या बाजूला गाडी घेऊन उभं राहायचं, असा तो दिवस जातो. सलामीला हात कपाळाशी गेला की मला त्या गाठींची आठवण येते. आग आत असते, आणि बाहेरून हात लावणाऱ्याला ती कळत नाही.

जिनिंगच्या त्या कामानंतर सुट्टी काढून गावी गेलो आणि थेट आप्पांच्या आखाड्यावर. बाजेवर बसलेले होते. मी पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. राख, घमेलं, न शिंपडलेलं पाणी, कैऱ्या.

त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं. म्हणाले, "मला ठावं व्हतं. घमेलं टाकून पळताना म्या बघितलं व्हतं तुला."

मला बोलता येईना. तो विकलेला बैल, त्या हंबरण्याच्या रात्री, इतकी वर्षं. "मग सांगितलं का न्हाई, आप्पा?"

"सांगून गंजी उभी राहणार व्हती का? तुझ्या बापानं झोडपलं असतं तुला. मग जन्मभर चुलीला भ्यायला असतास." थोडा वेळ थांबून म्हणाले, "रातभर बसलास की माझ्यापाशी. तवाच कळलं मला."

त्याला आता काही वर्षं झाली. आमच्या भागात सोयाबीननं ज्वारी बरीच मागं सारलीय, कडबा पूर्वीसारखा होत नाही. आप्पा मात्र दोन एकर ज्वारी अजून टाकतात, जनावरांसाठी. फाल्गुनात कडबा निघाला की मी चार दिवसांची रजा टाकतो. गंजी रचणं हे माझं काम. एक मोठी रचायची नाही, लहान लहान तीन रचायच्या, गोठ्यापासून दूर आणि एकमेकींपासूनही दूर. आप्पांना आता उठवत नाही. डोळ्यांवर हात धरून ते बाजेवरून अंतर बघतात. मी पेंढ्यांचा पहिला थर मांडतो आणि त्यांच्याकडं वळून विचारतो, "इथं बरी हाय का?"

"आणखी लांब घे."

मी पेंढ्या उचलतो, वाऱ्याचा अंदाज घेतो, आणखी दहा पावलं टाकतो.

"थोडं आणखी."