शेवटची तेल्हारा गाडी

अकोटच्या बसस्थानकावर संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे, म्हणजे तालुक्याचा भूगोल पुस्तकावाचून पाठ होतो. हिवरखेड, अडगाव, तेल्हारा! एकेका आरोळीसरशी माणसांचा एकेक पुंजका हलतो.

तेल्हारा गावाच्या नशिबी रेल्वे आलीच नाही. अकोला-खंडवा मीटरगेज जायची, तीही गावाला बगल देऊन, अडगाव-हिवरखेडवरून. 2017 साली तीही रुंदीकरणासाठी थांबली. ऑक्टोबर 2022 मध्ये गांधीग्रामच्या पूर्णेवरील जुन्या पुलाला तडे गेले आणि अकोल्याचा सरळ रस्ताच तुटला. पुढच्याच महिन्यात अकोट-अकोला मोठी गाडी धावू लागली खरी. पण अकोटला उतरलेल्या तेल्हारेकराला घरी पोचवायला शेवटी एस. टी.च हवी.

रस्त्याचीही एक तऱ्हाच आहे. इथली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि डांबर तिच्याबरोबर उठते-बसते. कपाशीला मानवणारी माती चाकाला मानवत नाही!

बाकावर शेजारी बारावीतली एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

"रोज येतेस का गं?"

"हो काका. पास हाय नं, फुकट."

खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत. मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट 2022 पासून तेही माफ. मी कौतुकाने हे सारे सांगू लागलो, तशी ती हसली.

"पास हाय काका, पन पासावर बसून घरी जाता येते काय? गाडी पाह्यजे नं! बाबा म्हनतात, अंधार पडाले लागला तं कॉलेज बंद."

मी गप्प झालो. सवलतींचा हिशेब मला पाठ होता. ही पोर मात्र एकाच गाडीच्या भरवशावर शिकत होती. कॉलेज सुटल्यावर, आगगाडी आल्यावर, दिवस मावळायच्या आत निघणारी एक गाडी, आणि तीही रोज. वऱ्हाडातल्या प्रवासाची सुधारणा म्हणतात ती याहून निराळी काय असणार?

गाडी लागली. खिडकीबाहेर तुरीची शेते काळवंडत गेली. एका फाट्यावर ती उतरली. खाली पदर खोचून उभ्या असलेल्या बाईने लेकीचे दप्तर आपल्या खांद्यावर घेतले.

"आली काय माय?" एवढेच तिने विचारले.

कंडक्टरने घंटी दिली.