दुरून दिसणारे फूल

आपल्याकडे घरोघरी चकलीचा सोऱ्या फिरू लागतो, त्या दिवसांत ऑस्ट्रेलियात वसंत ऋतू असतो. सिडनीहून आगगाडीने पश्चिमेकडे निघाले, की दोनएक तासांत ‘ब्लू माउंटन्स’ची डोंगररांग लागते. तिथले वॉराटाचे फूल पाहावे म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता ब्लॅकहीथला उतरलो.

स्टेशनाबाहेरचे रान पाहिले मात्र, मन चरकले. २०१९-२० च्या उन्हाळ्यातील वणव्याने या डोंगरांत हाहाकार उडवला होता. त्यांतल्या एकाच वणव्याने पाच लाख हेक्टरांहून अधिक रान खाल्ले. निलगिरीचे बुंधे अजून कोळशासारखे काळे होते.

आणि त्या काळोखात ठायी ठायी लाल दिवे लागले होते!

वॉराटा हे पुरुषभर, क्वचित दोन पुरुष उंचीचे झुडूप. काठीसारख्या सरळ फांदीच्या टोकाला तळहाताएवढा लालभडक गेंद. जवळ जाऊन न्याहाळावे, तर तो शे-दीडशे चिमुकल्या फुलांचा मेळावा निघतो. खाली पाकळ्यांसारख्या लाल पानांची झालर. मधासाठी पक्ष्यांची झुंबड उडालेली. ‘वॉराटा’ हे तिथल्या मूळ रहिवाशांनी दिलेले नाव. १८१० साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ‘टेलोपिया’ म्हटले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘दुरून दिसणारी’. १९६२ पासून हे न्यू साउथ वेल्स राज्याचे मानचिन्ह आहे.

देव्हाऱ्यासाठी एखादे मिळेल का, असे सौभाग्यवतींनी वाटेत भेटलेल्या एका आजीबाईंना विचारले. त्या हसून म्हणाल्या, “तोडायला कायद्याने बंदी आहे, बाई. डोळे भरून पाहा आणि तेच घेऊन जा!”

या झुडपाचे मर्म जमिनीखाली आहे. खोडाच्या बुडाशी एक लाकडी गड्डा असतो. वर सारे जळून गेले तरी त्यात राखून ठेवलेल्या पुंजीवर नवे धुमारे फुटतात आणि दोनतीन वर्षांत फूल येते. मात्र ही पुंजी पुन्हा साठायला काही वर्षे लागतात. हवामान तापत चालले आहे, वणवे पूर्वीपेक्षा लवकर लवकर परतू लागले, तर गड्ड्यालाही किती वेळा सावरता येईल?

पळसाने पेटलेली राने आपण पाहिली आहेत. पण तो नुसता आगीचा भास. इथे खरी आग सोसून आलेली लाली होती. ती पुन्हा फुलावी, एवढी उसंत मात्र तिला मिळायला हवी.