रिकाम्या हातांची पोस्टिंग

सायकियाट्रीची पोस्टिंग जवळ आली की नर्सिंगच्या मुली गप्प गप्प होतात. मेडिसिन, सर्जरी, कॅज्युअल्टी झालेली असते. रक्त पाहिलेलं असतं, मृत्यूही. तरी या वॉर्डची धास्ती वेगळीच. त्यात घरून फोन येतो, "जपून राहा गं, तिथले लोक अंगावर येतात म्हणे."

ही धास्ती फार टिकत नाही. अंगावर येणं दूरच, बरेचसे पेशंट चहा कधी येणार म्हणून विचारत असतात. पण भीती ओसरल्यावर जे सुरू होतं ते जास्त अवघड. इतर वॉर्डांत हातांना काम असतं. बीपी घ्या, सलाईन लावा, ड्रेसिंग करा. कामाच्या आड मन लपवता येतं. इथे स्टूल ओढून समोर बसायचं आणि ऐकायचं. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच शुश्रूषेचा गाभा, असं हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी 1952 मध्ये मांडलं. परीक्षेत मुली हे बिनचूक लिहितात. त्याचं ओझं कळतं ते या स्टुलावर.

आईच्या वयाच्या एक बाई. भास थांबलेले, झोप नीट, स्वतःची वेणी स्वतः घालतात. साडीचा पदर बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत त्या विचारतात, "मला घरी कधी नेणार गं?" घरचे फोन उचलत नाहीत. केवळ कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असं 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. समोर बसलेल्या विद्यार्थिनीला तो पाठ आहे. पण त्या बाईंना काय सांगायचं, ते कायद्यात नाही.

संध्याकाळी ती प्रोसेस रेकॉर्डिंग लिहिते. पेशंट काय म्हणाली, मी काय म्हणाले, संवादाचं कोणतं तंत्र वापरलं, सगळे रकाने भरलेले. 'मला काय वाटलं' इथे मात्र एकच शब्द: नर्व्हस.

वही तपासताना मी तोच रकाना आधी वाचते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच बोलायला लागते. मग हळूहळू बाहेर येतं. कुणाला घरातलं दारूचं व्यसन आठवलेलं असतं, कुणाला कोंडून ठेवलेली आत्या. कुणाला पेशंटचा राग आला म्हणून अपराधी वाटतं. शेवटच्या दिवशी निरोप घेताना तर "आपणही यांना सोडूनच चाललो" हे बहुतेकींच्या मनात असतं.

हा हळवेपणा काढून टाकला की चांगली नर्स घडते, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते मुळीच पटत नाही. जे बोलायला जागा मिळत नाही, त्याचंच पुढे कोडगेपण होतं, मग "घरी कधी नेणार?" हा प्रश्न रोज कानावर पडूनही ऐकू येईनासा होतो. म्हणून औषधांचे डोस शिकवायला जसा तास राखून ठेवतो, तसाच 'मला काय वाटलं' यासाठीही रोज वेळ राखायला हवा. जिचं कुणी ऐकून घेतलं, तिलाच दुसऱ्याचं ऐकत बसण्याचं बळ येतं.