नातीचा खेळ आणि आमचा हिशेब

आमचे भुसार मालाचे दुकान सोनईच्या पेठेत तीन पिढ्यांपासून आहे. पन्नास वर्षे गल्ल्यावर बसल्यामुळे मला एक खोड जडली आहे. समोर कोणतीही गोष्ट आली की ती नमुन्यासारखी तळहातावर घ्यायची, आणि भाव कोण ठरवतो, जोखीम कोणाच्या अंगावर आहे, हे विचारायचे. तूर-हरभऱ्यापुरती ही खोड ठीक आहे. गेल्या दोन वर्षांत मात्र ती मला स्वतःच्या नातीच्या बाबतीत वापरावी लागली, आणि त्या व्यवहारात समोरच्या माणसाऐवजी मलाच मी दिसलो.

नात नुकतीच बारावी झाली. उंची पाच फूट नऊ इंच. आमच्या घराण्यात एवढी उंची कोठून आली, यावर आमच्या सौभाग्यवतींचे आणि माझे अद्याप एकमत झालेले नाही. ती बास्केटबॉल खेळते. माझ्या लहानपणी सोनईत मुले कुस्ती आणि कबड्डी खेळत. मुली खेळल्याच तर खो-खो. आता शाळेच्या मैदानात सिमेंटचे अर्धे कोर्ट आहे. त्याच्या कड्याला जाळी नाही. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि त्यांची धूळ त्या सिमेंटवर बसते. पहाटे ती स्वतः झाडून काढी आणि मग खेळायला उभी राही. तिची एक वही आहे. तीत तारीख, चेंडू किती वेळा फेकला, कड्यातून किती वेळा गेला, असे रोजमेळासारखे मांडलेले असते. ती वही प्रथम पाहिली तेव्हा मला वाटले, दुकानाला वारस मिळाला.

अकरावीत ती राज्यस्तरीय स्पर्धेपर्यंत पोहोचली, आणि पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांचा फोन येऊ लागला. दर रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास. खेळाडू हेरून त्यांना आपल्या महाविद्यालयात आणण्याची ही रीत मला ठाऊक नव्हती. आपल्याकडे मुलीला मागणी येते ती एकाच कारणासाठी, अशी माझी समजूत! प्रशिक्षक म्हणत, खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश देऊ, शुल्क माफ, वसतिगृह माफ. सौभाग्यवतींनी फोन मागून घेऊन विचारले, कंदमूळ नसलेले जेवण मिळेल का, आणि सायंकाळी सराव असेल तर चोविहाराचे काय? ते गृहस्थ अत्यंत नम्रपणे म्हणाले, ‘बाईजी, सूर्यास्तापूर्वी डबा हातात मिळेल, ती जबाबदारी माझी.’ त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

त्याच सुमारास एक दलालही येऊन गेला. तो स्वतःला सल्लागार म्हणवीत असे, पण दलाल ओळखायला मला चष्मा लागत नाही. अमेरिकेतील विद्यापीठे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना पूर्ण शिष्यवृत्ती देतात, तुमच्या मुलीची चित्रफीत आम्ही शंभर प्रशिक्षकांना पाठवू, आमचे शुल्क साडेतीन लाख. चिरंजीव मोहात पडले. मी म्हणालो, आधी बाजार समजून घेऊ. तो समजावून दिला नातीनेच. तिने वहीची मागची पाने उघडली.

अमेरिकेत १९७२ साली शिक्षणात मुलींशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला, आणि महाविद्यालयांना मुलींच्या खेळावरही खर्च करणे भाग पडले. आज तेथे पहिल्या श्रेणीत मुलींचे संघ असलेली साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आहेत आणि एका संघात पंधरापर्यंत खेळाडू. म्हणजे पाच हजारांवर मुली. दुसऱ्या श्रेणीत शिष्यवृत्ती बहुधा अर्धीमुर्धी असते. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नसते. दलालाने श्रेणीचा उल्लेख एकदाही केला नव्हता. ‘शंभर प्रशिक्षक’ कोणत्या श्रेणीचे, असे नातीने विचारले तेव्हा त्याने पाणी मागितले.

‘आणि पुढे?’ मी विचारले. पुढचा आकडा तिने सावकाश वाचला. डब्ल्यूएनबीए ही तेथील स्त्रियांची व्यावसायिक स्पर्धा. २०२४ साली तीत बारा संघ होते, एका संघात फार तर बारा जणी. एकूण एकशे चव्वेचाळीस जागा, आणि त्याही बहुतेक आधीच भरलेल्या. त्या वर्षीच्या निवडीत छत्तीस नावे पुकारली गेली, त्यांतल्याही सगळ्यांना संघात स्थान मिळत नाही. पहिले नाव होते केटलिन क्लार्कचे. त्या वर्षी तिचा महाविद्यालयीन अंतिम सामना अमेरिकेत पुरुषांच्या अंतिम सामन्याहून अधिक लोकांनी पाहिला होता. तिचा पहिल्या वर्षाचा पगार सुमारे साडेशहात्तर हजार डॉलर, म्हणजे आपले साठ-पासष्ट लाख. जाहिरातींतून ती पुष्कळ अधिक कमावते हे खरे. पण परदेशातून शिकायला गेलेल्या मुलीला विद्यार्थी व्हिसावर तशी कमाई करण्यास कडक मर्यादा आहेत.

आपल्या मुली तेथे गेल्याच नाहीत असे नाही. २०१० साली भारतातून चार मुलगे आणि चार मुली फ्लोरिडातील एका क्रीडा अकादमीत शिष्यवृत्तीवर गेल्या. त्यांतील कविता अकुला पुढे ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यन विद्यापीठाकडून पहिल्या श्रेणीत खेळली. त्यानंतर बंगळूरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात गेली आणि पंजाबची हरसिमरन कौर सान दिएगोला. केरळची गीतू अॅना जोस ऑस्ट्रेलियात व्यावसायिक संघाकडून खेळली, २०११ साली डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिला चाचणीसाठी बोलावले. करार झाला नाही. परत आली तेव्हा तिची रेल्वेतली नोकरी होतीच.

या शेवटच्या वाक्यावर मी थांबलो. तेव्हा त्याचे वजन पुरते कळले नव्हते. दलालाला चहा पाजून निरोप दिला एवढेच.

कार्तिकात, जिल्ह्याबाहेरच्या एका सामन्यात, ती उडी मारून खाली आली आणि उठली नाही. कोणाचा धक्का लागला नव्हता. गुडघ्याच्या आतला, हाडांना धरून ठेवणारा अस्थिबंध तुटला होता. नगरच्या डॉक्टरांनी सांगितले की या खेळात ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने होते. उडी मारून उतरण्याची रीत नीट शिकवली तर धोका बराच कमी करता येतो. ती रीत तिला कोणी शिकवलेली नव्हती. मांडीमागची स्नायूची दोरी काढून गुडघ्यात बसवली. पुन्हा मैदानावर उतरायला निदान नऊ महिने.

त्या रविवारी फोन आला. प्रशिक्षकांनी चौकशी केली, काळजी घ्या म्हणाले. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. साडेनऊला नात फोन उशाशी घेऊन पडलेली असे आणि आम्ही सर्व जण तिकडे पाहत नाही असे दाखवीत असू. महिन्याभराने चिरंजीवांनी स्वतः फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले की यंदाच्या जागा भरल्या आहेत, पुढे पाहू.

मला फार राग आला. दुकानात बसून मी त्या माणसाला मनात बरेच काही ऐकवले. आणि तेवढ्यात एक शेतकरी तुरीची दोन पोती घेऊन आला. अवकाळी पावसात भिजलेली. आठ दिवसांपूर्वी याच तुरीचा नमुना पाहून मी त्याला भाव सांगितला होता. मी मूठ भरून घेतली, दाणा दाताखाली धरला आणि सवयीने म्हणालो, ‘माल भिजलाय. तो भाव आता नाही जमायचा.’ तो काही बोलला नाही. माझी मूठ मात्र तशीच राहिली.

मी त्याला पूर्वीचा भाव दिला, असे येथे लिहिले तर वाचकांना बरे वाटेल. तसे घडले नाही. थोडा वाढवून दिला, एवढेच. भिजलेली तूर भिजलेलीच असते. पण त्या प्रशिक्षकाने जे केले ते मी रोज करतो, हे नाकारता येईना. त्याच्यावर संघ जिंकवण्याची जबाबदारी आहे, त्याच्याजवळ जागा मोजक्या आहेत. चूक त्याची थोडी आणि आमची अधिक होती. एवढ्या जन्माच्या व्यापारी माणसांनी सौद्यात एकही अट घातली नव्हती. जेवणाचे विचारले, चोविहाराचे विचारले. गुडघ्याचे कोणी विचारले नाही.

मग मी तोच एक प्रश्न घेऊन बसलो: खेळता येईनासे झाले तर काय उरते? अमेरिकेत पूर्वी शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असे आणि खेळ खालावला तर पुढच्या वर्षी बंद करता येई. २०१५ साली तेथील पाच मोठ्या संघटनांनी ठरवले की केवळ खेळातील कामगिरीसाठी शिष्यवृत्ती काढून घेता येणार नाही. इतरत्र तेव्हा करारात काय लिहिले असेल तेवढेच खरे होते. आपल्याकडे रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते. मूळ वेतन १९,९०० किंवा २१,७०० रुपयांपासून, खेळ मोठा असेल तर त्याहून वरच्या पायरीवर. रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षे राष्ट्रीय स्पर्धा गाजवतो, त्याचे कारण हेच. भारतीय संघाचे नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमयेही रेल्वेचीच. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. आकडे लहान आहेत. आमच्या समाजात कोणी मुलीच्या नोकरीचा १९,९०० हा आकडा ऐकला तर हसेल. पण गुडघा गेला तरी तो पगार थांबत नाही. गीतू परत आली तेव्हा तिच्या पायाखाली जमीन होती, ती यामुळे.

हे मी नातीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘दादाजी, मी पगारासाठी खेळत नव्हते.’ मी म्हणालो, ‘बेटा, ते मला माहीत आहे. म्हणूनच हिशेब मला करावा लागतो.’ ती हसली, बऱ्याच दिवसांनी.

बारावीची परीक्षा तिने गुडघ्याला पट्टा बांधून दिली. जूनमध्ये सोनईतच बी.कॉम.ला नाव घातले. रोज सकाळी एक तास व्यायाम, पायरीवरून उतरणे, एका पायावर उभे राहणे. वहीत आता तेच लिहिलेले असते. उडी मारायला अजून परवानगी नाही, पण जागेवर उभे राहून चेंडू फेकता येतो. सायंकाळी सूर्यास्तापूर्वी जेवून ती अर्ध्या कोर्टावर जाते. मी खुर्ची घेऊन कडेला बसतो आणि मोजतो. परवा शंभरात एकाहत्तर गेले. तिच्या मते बहात्तर. एक कड्याला लागून आत गेला तो मी पाहिला नाही, असे तिचे म्हणणे आहे.

श्रावणातल्या एका रविवारी साडेनऊला पुन्हा फोन वाजला. तेच प्रशिक्षक. गुडघा कसा आहे, पुढच्या वर्षी पुण्याला येण्याचा विचार आहे का? चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले, मी नातीकडे. तिने फोन घेतला, नमस्कार केला, आणि शांतपणे विचारले, ‘सर, पुन्हा दुखापत झाली आणि मी खेळू शकले नाही, तर पदवी पूर्ण होईपर्यंत शुल्क आणि वसतिगृह राहील का? राहणार असेल तर तेवढे महाविद्यालयाच्या कागदावर लिहून पाठवाल का?’

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, प्राचार्यांशी बोलून कळवतो.

याला आज तीन आठवडे झाले. कागद अजून आलेला नाही. बी.कॉम.च्या पहिल्या चाचणीचे वेळापत्रक मात्र आले आहे, आणि ते तिने वहीच्या पहिल्या पानावर डकवले आहे.